डावं बटण

अकरा ओळींत बंदूक लिहून झाली.
बाराव्या ओळीची गरजच पडली नाही.
बंगळूरचा माणूस कॉलवर म्हणालेला,
लहानशी असू दे, उल्कांपुरती;
खेळणाऱ्याच्या बोटाला काहीतरी लागतं ना.

आम्ही तिघं. कुंभारजुव्यात
बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानावरची खोली,
दोन कॉम्प्युटर, त्यातला एक उसना,
आणि भिंतीला टेकलेली रोमाल्दची सायकल.
रोमाल्द आवाज करतो. म्हणजे गोळा करतो:
कुटबणच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्याचा कंप्रेसर
रात्री दोनला जसा धापतो,
तोच आमच्या यानाचा श्वास.
शाल्मली रंग बघते. तिच्या ग्रहाची माती
डिचोलीच्या बंद खाणीतून फोनमध्ये भरून आणलेली.
चपला अजून तांबड्या आहेत तिच्या.

खेळ असा: यान फुटकं, हवा मोजकी,
एका टोपलीत सात रोपं.
गळती शोधा, बुजवा.
रोपांना पाणी द्या, स्वतःला जरा कमी घ्या.
विसरून मेलात तर मेलात,
मारून जगायची सोय नाही.
वहीच्या पहिल्या पानावर हे मीच लिहिलेलं.

आणि त्या अकरा ओळीही मीच.

चाचणीला पोरं आली. हळदणकरांचे जुळे,
औषधांच्या दुकानातली ऑफेलिया.
उल्का संपल्या तशा रोपांवर झाडल्या,
दारावर झाडल्या,
मग जिकडे काहीच नव्हतं
त्या काळोखावर झाडत राहिली.
हवा संपत आलेली. काटा कुणी बघितला नाही.

काढून टाकायला तीन आठवडे गेले.
कुठे कुठे जाऊन बसली होती ती,
धक्क्यात, उजेडात, मदतीच्या सूचनांत;
रोमाल्दच्या शांततेतसुद्धा एक बारका ठो सापडला.
बंगळूरचा माणूस फोन उचलेनासा झाला.
त्या महिन्याचं भाडं शाल्मलीच्या आईने दिलं
आणि त्यावर कुणीच काही बोललं नाही.

बटण तेवढं उरलं.
दाबलं तर काही नाही.

शाणूकाका खाजणाची मानस सांभाळतात.
भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं,
मग तुम्ही तिथे काय करता, असं मी लहानपणी विचारलेलं.
ऐकतो, म्हणाले होते.
त्या संध्याकाळी पिशवीभर सुंगटं द्यायला वर आले
आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले.

यानाच्या दारापाशी जाऊन थांबले. हललेच नाहीत.
उघडा की, मी म्हणालो.
"दोन्हीकडचं सारखं होऊ दे.
भरल्या पाण्यावर दार ओढलं तर बांध जातो."
हवेचा काटा दोन्ही बाजूंना एका रेषेवर येईतो
सुंगटांचं पाणी जिन्यावरून खाली गेलं होतं.
मग डावं बटण दाबून बघितलं. पुन्हा दाबलं.
"हे वाजत नाही काय?
लाकूड कुठे कुजलंय ते कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही तिघं बांधावर.
रोमाल्दने माईक मानशीच्या फळ्यांना लावला,
काका बोटांच्या पेरांनी ठोकत गेले:
इथे भरीव. इथे भरीव. इथे, ऐका,
इथे पोकळ.

तर आता आमच्या खेळात डाव्या बटणाने टकटक होते.
पत्र्यामागे गळती असेल तर आवाज बदलतो.
किती लोक खेळतील माहीत नाही.
ऑफेलिया म्हणते झोप येते.
जुळ्यांपैकी एकाने एक रोप फुलापर्यंत नेलं
आणि दुसऱ्याला दाखवलं नाही.

काल मध्यरात्री एकटाच तपासत बसलो होतो,
कंप्रेसर धापत होता, सहा रोपं ठीक, एक पिवळं,
आणि बाहेरून टकटक आली.
मी असं काही लिहिलेलं नव्हतं.
(शाल्मली होती, घरून. हे सकाळी कळलं.)
तेव्हा फक्त एक पत्रा, आणि त्याच्या पलीकडे कोणीतरी.
मीही ठोकलं. दोनदा.
दाराकडे गेलो,
आणि काटा बघत थांबलो.