रुंदी गुणिले उंची

ते चित्र मी पाहिलेलं नाही.
उघडायला गेलं की प्रोग्रॅमच आडवा होतो.
पाठवणाऱ्याने खाली लिहिलंय:
आकाराची तपासणी नाही.
अशा अजून दोन जागा आहेत, सोमवारी कळवतो.

रात्रीचा दीड. धनकवडी.
खालच्या गॅरेजात शटर अर्धं ओढून
कुणीतरी बुलेटचं इंजिन खोलून बसलंय.
मी अकरा वर्षांपूर्वीची माझी ओळ.

रुंदी गुणिले उंची गुणिले चार.
वर माझं नाव, तारीख,
आणि माझ्याच हातचं, ‘नंतर बघू’.

चित्र म्हणालं, मी एवढं रुंद, एवढं उंच.
मी मानलं.
गुणाकार फुगत फुगत उलटला,
बारानंतर पुन्हा एक वाजावा तसा,
उरले चाळीस.
दहा ठिपक्यांपुरती जागा दिली मी
आणि रंग ओतत राहिले कोटींचे.
निळा भिंत ओलांडून शेजारच्या खोलीत,
जिथे भलत्याच कुणाचा पासवर्ड निजला होता.

पोरे टेलर्स, भवानी पेठ.
बाबा कुणाच्या तोंडचं माप घेत नसत.
गिऱ्हाईक म्हणे छत्तीस,
बाबा ‘हं’ म्हणत, टेप लावत,
वहीत एकोणचाळीस.
एकदाच नाही लावली.
डिंगणकर मास्तर, घरोब्याचे, घाईत,
मुलीच्या लग्नाचा कोट.
तो कोट आमच्याकडेच राहिला.
मी तो घालून गॅलरीत भूत व्हायचे.

दुरुस्ती सात मिनिटांची:
आधी भागून बघ, मग गुण.
चाचणी हिरवी. नवी आवृत्ती चढवली,
चहा टाकला, तो उतू गेला.

पण जुनी कुठे कुठे जाऊन बसलीये
ते मलाही सांगता येणार नाही.
तांबोळींच्या फ्लेक्सच्या दुकानात असेल,
वाढदिवसाच्या दादांचे गाल
पंधरा फुटांपर्यंत ताणत.
सोनोग्राफीच्या पडद्यामागे असेल.
आईच्या फोनमध्ये तर आहेच.
त्या फोनला कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलंय,
आणि आई नवा घेऊ देत नाही,
‘चालतोय की.’

पावणेसहा. पलीकडच्या खोलीत टिंग.
कुसुममावशीचं शुभ सकाळ.
दारात उभी राहून मी बघते,
आई चष्मा शोधते, बोट टेकवते,
चकती फिरते,
फिरते,

गुलाब.
दव पडलेला, कडेला सोनेरी महिरप,
चौकटीच्या आत.

‘काय गं, झोपली नाहीस?’
आज शनिवार.