ओबीवर रोडगे

लीलाधर म्हणाला, ज्वालामुखी पाहाले
इटलीले कायले जा लागते बे,
आपला हाय ना.
डिसेंबरातला रविवार. वणीहून निघालो चौघं,
दोन मोटरसायकली, पिशवीत जाड कणीक,
चार काटेरी वांगी,
आणि पेपरात बांधलेलं तिखट-मीठ.

आम्ही शाळेत होतो तेव्हा हा डोंगर नव्हता.
नजर सोडली की थेट वर्धेच्या काठाला जायची,
मध्ये पऱ्हाटी, आणि कुणाचा तरी सुटलेला बैल.
मग कोळशासाठी जमीन उलटी केली त्यांनी,
आणि जे विकलं जाणार नव्हतं
त्याचा ढीग वाढत वाढत गेला.
त्याला देव बसवला नाही कुणी, नावही ठेवलं नाही.
कागदावर ओबी. आमच्याही तोंडात ओबीच.

गेटवर इक्बालच्या मावसभावाचा शेजारी.
त्यानं आमच्याकडं पाठ करून बिडी पेटवली,
म्हणजे, जा.

दगड पायाखालून सुटत होते.
नवा डोंगर,
अजून नीट बसायला शिकलेला नाही.
उत्तरा टेकाम सगळ्यांच्या पुढं, ओढणी नाकाला बांधून.
अर्ध्यावर पहिली फट दिसली,
काठाला पिवळी बुरशी धरल्यासारखी,
आणि आतून धूर, अगदी सावकाश,
जसा कुणी आत बसून विचार करतंय.
गंधक, उत्तरा म्हणाली. मातीत कोळसा राह्यला थोडा
तं हवेनंच पेटते. काडी लावा लागत नाही.
यावर कुणी काही बोललं नाही.
मग लीलाधर म्हणाला, माह्या सासऱ्यासारखं.

थंडी होती. आम्ही डोंगरावर हात शेकले.

रोडगे थापले, राखेत पुरले, वांगी फटीच्या तोंडाशी.
इक्बाल उभा राहून बोटानं गाव लावत होता:
तो हिरव्या पाण्याचा खड्डा, तिथं चावडी.
त्या कन्व्हेयरखाली डोहोलीचा बसथांबा.
शाळा... तो स्वतःभोवती फिरला एकदा.
शाळा आपल्या खाली हाय.
किती खाली? मी विचारलं.

रामुलू नऊ वर्षं डंपर चालवायचा इथंच,
दिवसाला अठरा ट्रिपा.
त्यानं रोडगा काडीनं पलटवला.
तीस मीटर, म्हणाला. थोडा थांबून,
नाही, पस्तीस. कॅम्पाकडून मीबी टाकलं ना.

इक्बाल त्याच्याकडं बघत राहिला.
मग त्यानं आपली पाण्याची बाटली उघडली
आणि आधी रामुलूला दिली.

रोडगे वरून करपलेले, आतून कच्चे,
आणि चव अशी, की काडेपेटी चघळतोय.
वांग्याचं भरीत कुत्र्यानंही हुंगून सोडलं.
रामुलूनं मात्र दोन रोडगे खाल्ले, मुकाट्यानं,
वर कच्चा कांदा.

उतरताना लीलाधरच्या बुटाचा तळवा
डोंगराला चिकटून राहिला.
आम्ही हसून हसून खाली बसलो
आणि लगेच उठलो, कारण खालून चटका.

उत्तरानं एक शिळपट दगडावर आपटली.
वहीसारखी उघडली ती.
आत पान. देठ, शिरा, सगळं,
कडेला अळीनं खाल्ल्यासारखी एक खाच.
कशाचं आहे गं?
ह्या झाडाचाच तं कोळसा झाला, ती म्हणाली,
आता कुठीच नाही ते.
घेऊन जाय, तुह्या पोरीले दाखव पुण्यात.
तुला नको?
माह्या घरची भिंतच असल्या दगडाची हाय.

रात्री वणीच्या स्टँडवर, लालपरीत चढताना,
कंडक्टरनं नाक ओढलं:
फटाके हायेत का बॅगेत? बारुदाचा वास येते.
नाही, पान आहे एक.
खायचं?
मी चेन उघडून दाखवलं.
त्यानं टॉर्च धरली, बोट फिरवलं शिरांवरून,
मग सुट्टे पैसे परत देताना म्हणाला,
गरम हाय अजून.