पाचवा रकाना

माझ्या वहीत चार रकाने होते:
नाव, उंची, गुडघे, आई काय करते.
पोरगी कॉलेजात टिकणार का नाही
ते चौथ्या रकान्यावर ठरतं,
हे विट्यात बावीस वर्षं शिट्टी फुंकून कळलेलं.

उज्ज्वला हाक्के. पाच फूट दोन. गुडघे शाबूत.
आई डाळिंबाच्या पॅकिंगला.
आटपाडीच्या पुढं, शाळेच्या मुरमाड मैदानावर
पहिल्यांदा पाहिली ती पाठमोरी:
चौकोनात बसलेली, टाचा उचललेल्या,
मागचं अर्धं मैदान कानांनी बघणारी.
खो मिळायच्या आधी उठणारी पोरं खंडीभर असतात.
ही थांबायची.

तिच्या घरी मी काय घेऊन गेलो होतो?
फी माफ, होस्टेलची खाट, सकाळी दोन अंडी,
आणि बूटजोड, तोही अर्ध्या नंबरानं मोठा.
आई म्हणाली, अंडी रोज व्हय?
म्हटलं, रोज. रविवारी वर केळं.
एवढ्यावर ठरलं.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी तिचा सूर मोबाइलवर टाकला.
खांबाला धरून वळसा, देह हवेत आडवा,
बोटं पळणारीच्या टाचेला.
आठ सेकंद. नऊ लाख लोकांनी बघितला.
आमच्या स्नेहसंमेलनाला सतरंजी अर्धी रिकामी असते.

मग सांगलीहून गाडी आली.
तिकडच्या कॉलेजचा क्रीडा संचालक, माझाच जुना खेळाडू,
वाकून पाया पडला, आणि
मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी मगदूम.
पाकिटावर पोरीचा फोटो, वर्षाला दीड लाख.
कागदावर फक्त हळद होती.
कॉलेज बदलायचं ते कुठं लिहिलेलं नव्हतं,
ते चहात होतं.

मगदूम म्हणाले, आजोबांची हरिपूरला पेवं होती.
जमिनीच्या पोटात हळद, तोंड लिंपलेलं,
भाव येईपर्यंत कीड नाही, वारा नाही.
सर, तुम्हीपण तेच करता की.

मी मनात अंडी मोजली.
दोन वर्षांची, सुट्ट्या वजा जाता, हजारभर.
मोजली याची लाज वाटली,
तोवर मोजून झाली होती.

सर, तुम्ही काय म्हणता? तिनं विचारलं.
ती अजून बसलेलीच होती, टाचा उचलून.
खो मागून द्यायचा असतो, हात लावून, मोठ्यानं.
मी समोरून दिला, पुटपुटत.
पंचानं फाउल धरला असता.

आता खानापूर तालुक्यातला बाप मला विचारतो,
तुमच्याकडं पाकीट कुठलं?
उंची सांगायच्या आधी.
कोचीनला गलाईचं दुकान असलेल्या गाववाल्याला फोन केला,
तो म्हणाला, देतो की सर,
पण कॅमेऱ्यात उठून दिसणारी द्या.

आमची कॅप्टन नसीम मुलाणी
साडेतीन मिनिटं पळते आणि सापडत नाही.
तिचं चित्रण कोण बघणार?
त्यात काही घडतच नाही.
नऊजणी हात पुढं करतात, हात रिकामे राहतात,
परत तेच.

उज्ज्वलाच्या आईनं पॅकिंग सोडलं, असं कानावर आलं.
बरं वाटलं. खरंच वाटलं.
रात्री वहीत पाचवा रकाना आखला,
बघणारे किती.
पट्टी घेतली नाही, रेघ वाकडी गेली.
नसीमच्या नावापुढं पेन टेकवलं
आणि तसंच उचललं.

काल मेसमध्ये मंगलमावशीनं नवं पाकीट फोडलं,
चेहऱ्याला कात्री लागू नये म्हणून कडेकडेनं.
रिकामं पाकीट धुऊन खिडकीत वाळत घातलं.
आमटी कधी नव्हे ती पिवळीधमक.
नसीमनं दुसऱ्यांदा वाढून घेतली,
म्हणाली, सर,
हळद मात्र चांगली आहे.