नमुना क्रमांक तीनशे बारा

सांकाबेरच्या कड्यावर सकाळचं गवत थंडीनं कडक असतं.
गेलाडा माकडं कपारींतून वर येतात,
छातीवरचा लाल डाग उन्हाला दाखवत बसतात
आणि नुसती चरत राहतात.
मी त्यांच्या मागं मागं. बारा वर्षं.
एकीनं लेंडी टाकली की वाकायचं,
गरम आहे तोवर चमच्यानं नळीत,
वरून स्पिरिट, बाहेरून माझं अक्षर : नाव, तारीख, वेळ.
गावात मला अंबाचेव कुणी म्हणत नाही.
म्हणतात, तो माकडांचं शेण वेचणारा.

पहिल्या वर्षी साल्मेबाईनं मातीत काडीनं काढून दाखवलं होतं :
तीन षट्कोन, त्यांना खेटून एक पंचकोन.
चार खोल्यांचं घर, म्हणाली. चरबीतून बांधलेलं.
रक्तात सुटतं आणि थेट मेंदूच्या दाराशी जातं.
बिबट्या आला, तर पळ म्हणतं.
पळून झालं की गप्प होतं.
पण बिबट्या रोज आला तर?
आलाच नाही, नुसता आता येईल, मग येईल,
असं दोन वर्षं वाटत राहिलं तर?
मग ते दारातून हलत नाही, म्हणाली.
आतल्या खोलीत जिथं आठवणी ठेवतात
तिथलं सामान कुरतडत बसतं.

बार्लीच्या कापणीला जेम्बेरच्या कळपात नवा नर आला.
जुन्याला त्यानं तीन दिवसांत हुसकावलं.
जेम्बेर गाभण. तिला त्यानं बोटही लावलं नव्हतं.
आठव्या दिवशी गवतावर रक्त.
मी नळ्या भरत होतोच.
आकडे नंतर आले, कड्यासारखे उभे.
धसक्याला दात लागत नाहीत.

देबार्कला, दाराची कडी वाजली
की आईच्या हातातलं भांडं सुटतं.
भाऊ गेल्याला दोन वर्षं.
मेला म्हणून कागद नाही, आहे म्हणून फोन नाही.
मीठ कुठं ठेवलं ते विसरते.
मला कधी त्याच्या नावानं हाक मारते, मी ओ देतो.
दवाखान्यात म्हणाले, वय झालं.

केस महिन्याला अर्धं पेर वाढतो,
आणि त्या महिन्यात रक्तात जे होतं ते पोटात घेऊन वाढतो.
एवढं मी शिकलोय.
ती झोपली होती. मानेपाशी कात्री चालवली.
लिफाफ्यावर लिहिलं : तीनशे बारा, प्रौढ मादी,
नाव ठाऊक नाही.
बारा वर्षांतली ही एकच लबाडी.

साल्मेला कळलं असणारच.
गेलाडाचा केस आणि माणसाचा केस
आंधळ्यालाही चिमटीत कळतो.
चार महिन्यांनी तक्ता आला.
तीनशे अकरा, तीनशे बारा, तीनशे तेरा, सगळे ओळीत.
आईच्या आकड्यापुढे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
ही कळपाच्या कडेला बसते का?
हिच्या पाठीशी कोण बसतं?

जेम्बेरच्या पाठीशी तिची बहीण बसायची.
दिवसचे दिवस तिचे केस पिंजत,
नसलेल्या उवा शोधत.
नळ्यांत दिसलं नंतर : आकडा उतरला.
फार नाही. थोडा.

रविवारी लोणी घेऊन घरी गेलो, केसांना लावायचं.
तुला कुठं येतं हे, आई म्हणाली.
बघत आलोय, म्हटलं.
तिच्या मागं बसलो. भांग पाडला,
एकेक बट सोडवली. डोकं हाताखाली दगडासारखं,
त्यात कात्रीची जागा खुंटासारखी बोटाला लागली.
तिलाही लागली असेल. बोलली नाही.

मग कडी वाजली. वारा होता.
तिची मान ताठ झाली. माझी बोटं तिथंच.
सवयीनं घड्याळाकडे बघणार होतो,
किती वेळानं सैल होते.

थोडं वर, ती म्हणाली.
तिथं नाही. डावीकडे.