परतीची वाट

जुलै. मोन्तेविदेओत कडाक्याची थंडी,
खिडकीच्या फुटक्या रबरातून वारा शीळ घालतो
आणि मी टेबलावरच्या हिरव्या पाटीवर
एक सहस्रांश व्होल्ट शोधते आहे.

एवढंच उरतं हृदयाचं बोलणं
छातीच्या कातडीपर्यंत पोचता पोचता.
अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं त्याहून कमी.
आणि भिंतीतली वीज
सेकंदाला पन्नास वेळा
सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवून जाते,
न विचारता.

ती ओळखीची. तिचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी झाला.
चार्जर काढला, बॅटरी लावली,
इलेक्ट्रोडच्या तारांना वेणीसारखा पीळ घातला.
उरलं ते वेगळंच:
रेघेवर बारीक लव,
सुरवंटाच्या अंगावर असते तशी.

फिल्टर वाढव, म्हणाली इल्डा.
वाढवला. लव गेली,
ठोक्याचं टोकही बोथट झालं.
असं गुळगुळीत बाळ पाठवायचं
ताकुआरेम्बोच्या दवाखान्यात?
काढला.

मग आठ दिवस.
पॉवर सप्लाय बदलला. लव तशीच.
पडद्यामागचा दिवा मालवला. तशीच.
सगळा डबा तांब्याच्या पत्र्यात गुंडाळला,
इल्डाने विचारलं, ओव्हन किती वाजता लावू?
एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नाही:
पाटीवर तळहात धरला, न टेकवता,
की लव जवळजवळ नाहीशी व्हायची.
हात काढला की परत.
पाहुणे असेपर्यंतच शहाण्यासारखं वागणारं पोर.
आता प्रत्येक यंत्राबरोबर
माझा हात कसा पाठवू?

मंगळवारी वाल्देमार येतो.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी येतो,
काखेत थर्मास, मुठीत मातेचा भोपळा,
कडू पाल्याचा एक घोट घेतल्याशिवाय बोलत नाही.
घोट घेतला. माझे आलेख पाहिले नाहीत.
खोलीतले दिवे घालवले
आणि पाटी टॉर्चसमोर धरली, एक्स-रे धरतात तशी.

काळोखात पाटी काळोखीच,
पोटातलं तांबं उजेड अडवत होतं.
फक्त मधोमध एक हिरवी रेघ पेटलेली,
केसाएवढी, या काठापासून त्या काठाजवळ.

ती फट माझी. मार्चमध्ये मीच पाडलेली.
इकडचं ग्राउंड सोवळं, तिकडचं ओवळं,
शिकवलंच होतं तसं.
आणि फटीवरून, वर, बिनधास्त,
क्लॉकची तार उडी मारून गेलेली.

"जाताना सगळ्यांनाच दिसते वीज," वाल्देमार म्हणाला,
"परत कुठून येते?"

त्याने नखाने दाखवलं.
यायला वाट नाही म्हणून ती फटीच्या कडेकडेने,
लांबचा वळसा घेऊन,
नेमकी पहिल्या ॲम्प्लिफायरच्या उंबऱ्यावरून,
त्या एक सहस्रांशाच्या कानाशी
पाय घासत घरी जात होती.
बिचारी. आठ दिवस मी तिला चोर म्हटलं.
माझा हात तिला नुसता पूल होत होता.

दोन काठांवरची दोन भोकं,
मध्ये तांब्याच्या जाळीचा तुकडा, तीन मिलिमीटर,
कथलाचे दोन थेंब. धूर. झालं.

वाल्देमारने स्वेटर वर केला,
पांढऱ्या केसांत तीन चिकट गोळे लावले.
पडद्यावर रेघ आली, स्वच्छ,
सुईने शिवल्यासारखी.
आम्ही बघत राहिलो.
मग एक ठोका घाईने आला,
आडवातिडवा, रुंद,
त्यामागे मोठी पोकळी.
पुन्हा अकरा सरळ. पुन्हा तो.

नकळत मी तळहात पाटीवर धरला.
गेला नाही.

"तो माझा आहे," वाल्देमार म्हणाला,
"डॉक्टरला माहीत आहे. राहू दे."
आणि थर्मासचं झाकण उघडून
पाणी अजून गरम आहे का पाहू लागला.