फट

दासिलच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती,
मसूर उभा शिरेल एवढी.
शिवाय डावा सुळा,
शेजारच्या बांधावर पाय टाकून उभा.
दोन्ही माझ्याकडून गेलेले.
माझे तर आता निम्मे पडले.

आमच्या बेटावर दऱ्याच दऱ्या.
ला गोमेरात समोरचं घर दिसतं, धूर दिसतो,
पोहोचायला दीड तास.
म्हणून इथे शीळ बोलते.
बोट दुमडून जिभेवर, आणि वाक्यच्या वाक्य
वाऱ्यावर टाकायचं:
पाव आण. डॉक्टर आलाय. म्हातारा गेला.
शाळेत आता तिचा तास असतो, पुस्तकासकट.

मी पहाटे शिंदीच्या शेंड्यावर,
ऊन लागायच्या आत रस उतरवत.
खालून दासिल विचारायची, ‘किती?’
शिळेच्या शेवटी एक सुस्कारा सांडायचा,
किटलीचं झाकण नीट न बसल्यासारखा.
अख्ख्या खोऱ्यात तसा एकच.
मी खाली न बघता सांगायचो, ‘तीन बादल्या.’

सोळाव्या वर्षी ती हसताना तोंडावर हात धरू लागली.
मला वाटलं, जांभई.
बायकोनं कोपरानं ढोसलं.

सान सेबास्तियानला, बोटीच्या धक्क्यासमोरच्या दवाखान्यात,
एका कांडीनं तिचं तोंड आतून मोजलं
आणि पडद्यावर दात सरकवून दाखवले,
रक्त नाही, आवाज नाही,
आठ महिने वीस सेकंदांत.
फट मिटली.
मी शेवटच्या चित्राकडे बघत राहिलो.
कुणाची तरी छान मुलगी होती.

तेव्हापासून खिडकीत डबी.
काचेसारखे अलाइनर, अंक घातलेले,
दर दहा दिवसांनी नवा.
नव्याच्या पहिल्या दिवशी हिरड्या ठणकतात,
ती दुधात गोफियो कालवून गिळते.
बावीस तास दातांवर. जेवताना काढ, घास, पुन्हा चढव,
टच्.
आम्ही अजून कालवण वाढून घेतोय
तोवर हिचा मोबाइल उलटी मिनिटं मोजतोय.
सहावा काळ्या शेळीनं चघळला.
दासिल रडली.
शेळी तीन दिवस नटीसारखी मिरवली.

शिळेचं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.
डॉक्टरीणबाई तेनेरीफेच्या.
अलाइनर घालून शीळ वाजेना,
काढून वाजवावी तर दात कालच्या जागी नाहीत,
हवा जुन्या वाटेनं जाते आणि भिंतीवर आपटते.
ती ‘पाणी’ म्हणे, मला ‘नाही’ ऐकू येई.
आपलेच दात, आपलेच ओठ,
तक्रार नेणार कुठे?
टेकडीमागे जाऊन ती सराव करायची.
मी ऐकत नाही असं दाखवायचो,
झाडाच्या शेंड्यावरून ते अवघड असतं.

मग एका गुरुवारी, चौदावा चालू असताना,
पलीकडच्या उतारावरून शीळ आली,
स्वच्छ, धारदार, कुठेही न गळणारी.
अशी मी फक्त स्पर्धेत ऐकलेली.
‘किती?’
मी कोयता कमरेला खोचला
आणि विचारलं,
‘कोण बोलतंय?’

दरीत उत्तर यायला वेळ लागत नाही.
त्या दिवशी लागला.

घरी तिनं अलाइनर चढवला, टच्.
हसली. हात खालीच.
मीही हसलो, उरलेल्यांनी.

आणखी दहा आहेत.
त्यानंतर रात्रीचा एक, कायमचा,
कारण दात म्हणे जुनी जागा विसरत नाहीत,
मोकळे सोडले की परत निघतात.
बाईंनी हे इशारा म्हणून सांगितलं.
बायकोनं मान डोलावली, दासिलनं डोलावली.
मी टोपी शोधत होतो.

आता पहाटे ती आधी नाव सांगते.
‘दासिल. किती?’
कधीकधी मी ऐकू आलं नाही असं करतो.