उतरवणं

कडवंचीची काळी द्राक्षं, हंगाम सरताना
वीस रुपये किलोनं आणलेली.
आज एकविसावा दिवस.
बरणीच्या तोंडावरचा फुगा मान टाकून बसलाय,
तळाशी दोन बोटं गाळ, वर जांभळं, अजून जरा गढूळ.
आज दुसऱ्या बरणीत उतरवायचं.

हे एकटीचं काम नाही.
एकीनं वर नळी धरायची, गाळाला न शिवता,
एकीनं खाली बसायचं.
म्हणून मनोरमा आली आहे, माझी थोरली जाऊ,
पाण्याच्या मीटरवरून नाताळापासून अबोला धरलेली.
मिशन दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती.
सलाईनची कोरी नळी तिच्याच घरात सापडते.

जालन्यात नळी ओढायला कुणी शिकवावं लागत नाही.
नळाला पाणी नवव्या दिवशी.
ड्रममधून हंड्यात, हंड्यातून माठात,
आख्खी गल्ली तोंडानं पाणी चालू करते.
जीभ कधी आडवी लावायची
हे पोरांना बाराखडीआधी येतं.

स्टुलाखाली बसले. ओढलं.
पहिला घोट तुरट, आंबूस,
वाक्य अर्ध्यात टाकून कुणी उठून जावं तसा.
थुंकायचा असतो. मी गिळला.
वरून आवाज: "काहून गं?"
"काई नाई."
"नळी तळाला टेकव. फेस नको."

मग बराच वेळ फक्त धार,
आणि मधूनच,
तिरपी कर.
हळू.
गाळ आला, गाळ आला, थांब.
तिनं चिमटीत नळी दाबली,
पेशंटची बाटली संपल्यावर दाबायची तशी.

नवी बरणी गळ्याशी चार बोटं रिकामी.
हवा राहिली की शिरका होतो.
मी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला.
"पाणी नको," म्हणाली, आणि पिशवी सोडली.
उकळून पुसलेल्या गोट्या.
घर एक होतं तेव्हाच्या, आमच्या चार पोरांच्या.

एकेक सोडत गेली.
द्राक्षारस चढत गेला, नखानखानं.
शेवटी हातात एक निळी उरली.
"ही तुझ्या सुधाकरनं पळवली होती. माझ्या शमुवेलची."
"जिंकली होती."
"पळवली होती."

जरा वेळ दोघी बरणीकडे बघत राहिलो.
मग तिनं निळीही सोडली.
बाहेर लिंबाच्या आळ्यात ओतलेल्या गाळावर
नवगिऱ्यांच्या कोंबड्या तुटून पडल्या होत्या,
एक तर चालता चालता बसलीच.